विटांतली ओल

निवृत्त माणसाने घरात काय करू नये, याची एक यादी आमच्याकडे सर्वांना तोंडपाठ आहे. स्वयंपाकघरात सूचना करू नयेत, नातवंडांना पाढे विचारू नयेत आणि परसात काहीही ‘बांधायला’ काढू नये. पहिले दोन नियम मी अधूनमधून मोडतोच. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तिसराही मोडला. सावंतवाडीजवळच्या आमच्या घरामागे, विहीर आणि फणस यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मी पावाची भट्टी बांधायला घेतली.

“पाव दारात येतो की सकाळी!” हिने एवढंच म्हटलं. ते खरं होतं. गोव्याची हद्द आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिकडचा ‘पोदेर’ सायकलच्या मागे मोठी टोपली बांधून, भोंगा वाजवत पहाटे गावातून फिरतो, तसाच आमच्याकडेही एक जण येतो. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि त्यांच्याबरोबर गव्हाचा भाजलेला पाव या किनाऱ्यावर आला. ‘पाव’ हा शब्द त्यांचाच, ‘पोदेर’ही त्यांच्याच ‘पादेरू’वरून आलेला. फक्त पीठ फुगवायला इथे किण्व नव्हतं, तेव्हा त्यांनी माडाची सूर वापरली. मातीतल्या माणसांनी मग त्या पावाचे उंडे केले, कोंड्याची पोय केली, कडक काकणं केली. पाव परका राहिला नाही. तरी पावाची भट्टी मात्र आपल्या घरात कधी आली नाही. चूल घरातली, भट्टी बाजारातली, असा आपला पूर्वापार हिशेब.

मला ती भट्टीच हवी होती. त्याला एक कारण असंही होतं, की जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितल्याची बातमी मी वाचली होती. शहराची हवा ज्या अवस्थेला पोहोचली आहे ती पाहता त्याविरुद्ध बोलायला तोंड नाही. पण बातमी वाचून वाटलं, लाकडाच्या भट्टीतला पाव आपण आयुष्यभर खाल्ला आणि ती भट्टी आतून कशी असते हे कधी वाकून पाहिलं नाही. दुसरं कारण जरा लाजिरवाणं आहे. नाताळच्या सुट्टीत मुलगा, सून आणि दोन्ही नातवंडं पुण्याहून येणार होती. ‘आजोबांनी बांधलेल्या भट्टीतला पिझ्झा’ असं मी फोनवर कबूल करून बसलो होतो.

भट्टी ही वस्तू दिसायला सोपी. चौथरा, त्यावर फरशी, फरशीवर अर्धा गोल घुमट, पुढे तोंड. या चार गोष्टींत माणसाने हजारो वर्षांत फारसा बदल केलेला नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत तीसच्या वर बेकऱ्या सापडल्या. त्यांतल्या विटांच्या घुमटाच्या भट्ट्या आज पाहिल्या तर आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या पाववाल्याला त्या ओळखीच्या वाटतील. तिथे कोळसा झालेले आख्खे पावही मिळाले आहेत. गोल, वरून आठ भाग पाडलेले.

मला मेस्त्री मिळाले ते सत्तरीच्या घरातले. चुलते गोव्यात भट्ट्या बांधायचे, त्यांच्या हाताखाली यांचं बालपण गेलेलं. ते आले, जागा पाहिली, वारा कुठून येतो ते पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “भाऊनू, कधी व्हयी तुमकां?” मी म्हटलं, “नाताळच्या आधी.” ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी नुसती विडी पेटवली. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

चिऱ्याचा तीन फुटी चौथरा झाला, त्यावर चार इंचांचा स्लॅब पडला. मग मेस्त्रींनी माझ्याकडे फुटक्या बाटल्या आणि जाडं मीठ मागितलं. गोव्याच्या जुन्या भट्ट्यांत फरशीखाली वाळू, काच आणि मीठ यांचा थर देतात, ऊब धरून ठेवायला. मी माझ्याकडून भाताच्या तुसाच्या राखेची भर घातली. ही राख हलकी, पोकळ आणि उष्णता खाली जाऊ न देणारी. कोकणात ती गिरणीवर फुकट मिळते. शहरात लोक याच कामासाठी व्हर्मिक्युलाइट विकत आणतात. फरशीचं तत्त्व असं, की तिने उष्णता पोटात साठवावी, पण खाली चौथऱ्याला देऊ नये. साठवणारा थर वर, अडवणारा थर खाली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर वर ठेवी आणि खाली कुलूप.

फरशीसाठी भट्टीच्या खास विटा कोल्हापूरहून आणल्या. तिथल्या ओतकामाच्या कारखान्यांना त्या लागतात, म्हणून दुकानात सहज मिळतात. त्या वाळूवर नुसत्या घट्ट ठेवायच्या, सांध्यांत काही भरायचं नाही. उद्या एखादी फुटली तर तेवढी काढून दुसरी बसवता येते. घुमटाला मात्र साध्या, चांगल्या भाजलेल्या लाल विटा. आतला व्यास तीन फूट, मधली उंची साडेसतरा इंच आणि तोंडाची उंची अकरा इंच. या शेवटच्या दोन आकड्यांचं नातं जपावं लागतं. तोंड घुमटाच्या उंचीच्या साधारण त्रेसष्ट टक्के असावं. त्याहून उंच ठेवलं तर उष्णता बाहेर पळते आणि ठेंगणं ठेवलं तर आग गुदमरते. गार हवा तोंडाच्या खालच्या भागातून आत जाते, आगीवरून घुमटाला वळसा घालते आणि धूर होऊन त्याच तोंडाच्या वरच्या भागातून बाहेर पडते. म्हणून धुराडं भट्टीच्या माथ्यावर नसून तोंडाच्या पुढे असतं.

घुमट उभा करायची युक्ती मला फार आवडली. फरशीवर ओल्या वाळूचा ढीग करायचा, त्याला हाताने अर्धगोल आकार द्यायचा, वर भिजवलेले वर्तमानपत्राचे कागद चिकटवायचे आणि त्यावर अर्ध्या अर्ध्या विटांची वेटोळी चढवत जायचं. माझ्या रविवारच्या पुरवण्यांची पाच वर्षांची रद्दी अशी सत्कारणी लागली. दर्जा सिमेंटचा नव्हे, तर चिकणमाती, चाळलेली वाळू, चुना आणि थोडं गुळाचं पाणी यांचा. काही जण थोडं सिमेंट घालतात, कारण ते लवकर धरतं. पण चार-पाचशे अंशांच्या आगीत सिमेंटची ताकद झपाट्याने ओसरते. माती मात्र उलट आगीत भाजून वीट होते. माथ्यावरची शेवटची वीट ठोकून बसवली तो दिवस १३ डिसेंबर होता. दोन दिवसांनी तोंडातून वाळू उपसली. घुमट आपल्याच वजनावर उभा राहिला. मी आत डोकं घालून ‘ओ’ दिली आणि घुमटाने ती परत केली.

“आतां तीन आठवडे हात लावू नकात,” मेस्त्री म्हणाले. “पयलो आठवडो वल्या गोणपाटाखाली. मगे सावलीत सुकान्दे. मगे सात दीस बारीक बारीक आग.”

मी बोटांवर हिशेब केला. जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडणार होता.

मुलं २३ तारखेला आली. नातू आल्या आल्या परसात धावला आणि भट्टीभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाला, “आजोबा, आज?” दुसऱ्या दिवशी पुन्हा, “आजोबा, आज?” बाहेरून हात लावून पाहिला तर घुमट कोरडा ठणठणीत. मेस्त्री त्या दिवशी मुलीकडे गेलेले. मी स्वतःलाच समजावलं, की डिसेंबरची हवा कोरडी आहे, छोटीशीच आग करू. छोटी आग म्हणून सुरू झाली, पण पोरांनी करवंट्या टाकल्या, मुलाने काजूचं एक लाकूड सरकवलं, ज्वाळा घुमटाला लागून पुढे वळल्या. इतकं सुंदर दृश्य होतं ते, की थांबा म्हणायचं भान कोणालाच राहिलं नाही.

पाऊण तास गेला असेल. पिझ्झ्याचं पीठ ही पोळपाटावर थापत होती. तेव्हा परसातून आवाज आला, “टक्!” सुपारी फोडल्यासारखा. मग थोड्या वेळाने आणखी एक. बॅटरी घेऊन पाहिलं, तर तोंडाच्या कमानीपासून माथ्यापर्यंत एक भेग गेली होती आणि तिच्यातून पांढरी वाफ बाहेर येत होती. नातवाला ती वाफ फार आवडली.

पिझ्झा त्या रात्री तव्यावर झाला. सगळे हसत हसत जेवले. मला मात्र घास गिळेना. त्या आवाजाने मला भट्टीपेक्षा जुनं काहीतरी आठवलं होतं.

१९८८ साली मी याच जिल्ह्यातल्या एका गावी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. बँकेचं नाव महत्त्वाचं नाही. तिथे एक पाववाला कर्ज मागायला आला. वडिलांच्या वेळची भट्टी पावसात बसली होती, नवी बांधायची होती. आठ हजार रुपये. माणूस सरळ, कागद स्वच्छ. ‘मालमत्तेचे वर्णन’ या रकान्यात ‘भट्टी’ लिहिताना मला जरा पंचाईत पडली होती एवढंच, कारण ती उचलून नेता येणार नव्हती आणि विकताही येणार नव्हती. तरी मी कर्ज मंजूर केलं आणि त्याचा मला अभिमानही वाटला. जाताना तो दाराशी थांबला आणि म्हणाला, “सायबानू, पयलो हप्तो तीन म्हयन्यांनी ठेवशात?” मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, “भट्टी सुकाक व्हयी.”

परिपत्रकात हप्त्यांची सुरुवात पुढे ढकलण्याची मुभा ‘शाखाधिकाऱ्याच्या विवेकानुसार’ अशी स्पष्ट होती. माझ्या विवेकाला वाटलं, विटा सुकायला तीन महिने कशाला? उन्हाळ्याचे दिवस आहेत. मी एक महिन्याची सवलत दिली. तो ‘बरां’ म्हणून गेला. त्या काळी आमच्यासमोर कोणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

दीड महिन्याने पाहणीला गेलो तेव्हा भट्टी चालू होती आणि हप्ताही वेळेवर जमा झाला होता. भट्टीच्या घुमटावर मात्र आडवी भेग होती. मातीने लिंपलेली, पण स्पष्ट दिसणारी. मी विचारलं, तर तो नुसता हसला. मी पाहणीच्या अहवालात लिहिलं, ‘बांधकामात कारागिराची हयगय दिसते.’ ते वाक्य मला शब्दशः आठवतं, कारण ते लिहिताना आपण किती बारीक नजरेने पाहिलं, असं मला वाटलं होतं.

त्या रात्री फणसाखाली उभा राहून मी ते वाक्य पुन्हा वाचलं. माझ्यावर कोणाचा हप्ता नव्हता. नातवाला एक दिवस नाही म्हणायची हिंमत तेवढी नव्हती. त्याच्यावर होता, आणि तो मी लावला होता.

मेस्त्री आले. भेग पाहिली. रागावले नाहीत. “भितर वल होती,” एवढंच म्हणाले. मग मी कागद घेऊन बसलो, कारण हिशेब केल्याशिवाय मला काही कळत नाही. घुमट आणि फरशी मिळून सव्वाशे विटा, एकेक तीन किलोच्या आसपास. वर माती-चुना दीडशे किलो. सव्वापाचशे किलोंत शेकडा आठ या दराने ओल धरली तरी चाळीस लिटर पाणी होतं. हे पाणी बाहेरच्या अंगाला दिसत नाही. वीट वरून कोरडी होते आणि पोटात ओली राहते. शंभर अंशांवर एका लिटर पाण्याची साधारण सतराशे लिटर वाफ होते. म्हणजे आमच्या घुमटात दडलेली वाफ घरातल्या दोन खोल्या काठोकाठ भरून उरेल एवढी होती. सावकाश तापवलं तर ती विटांच्या बारीक छिद्रांतून निवांत निघून जाते. एकदम तापवलं तर तिला वाट सापडत नाही, मग ती वाट पाडते. शिवाय आतला थर तापून प्रसरण पावतो आणि बाहेरचा गारच असतो, त्या ओढाताणीचा भाग वेगळा.

मेस्त्रींनी माथ्यावरच्या विटा उतरवून पुन्हा बसवल्या, खालची भेग खरवडून मातीने भरली. या वेळी मी जानेवारीचा आख्खा महिना भट्टीकडे नुसता बघत काढला. मग आग सुरू झाली ती अशी. पहिल्या दिवशी तोंडाशी चार करवंट्यांची धग, आतली भिंत साठ अंशांच्या पुढे जाऊ द्यायची नाही, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत विझूही द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी शंभरच्या आसपास. हा दिवस सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कंटाळवाणा. त्यानंतर रोज चाळीस-पन्नास अंशांची चढण, सातव्या दिवशी तीनशे. मुलाने दुरून तापमान दाखवणारं यंत्र पाठवलं होतं. मेस्त्री ते न पाहता तोंडाशी हात धरून आकडे मोजत आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. रात्री तोंडावर पत्रा लावून ऊब आत कोंडायची, म्हणजे सकाळी विटा गारठलेल्या सापडत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी घुमटाला घाम फुटला. दुसरा शब्द मला सुचत नाही. आतून तापलेल्या विटांच्या बाहेरच्या अंगावर ओलसर डाग उमटले, पसरले, आणि कमानीवरून पाण्याचे थेंब खाली टपकू लागले. वरून महिनाभर कोरडीठाक दिसणारी भट्टी! मी हिला हाक मारून दाखवलं. ही म्हणाली, “केवढं पाणी होतं हो पोटात!” पाचव्या दिवशी डाग नाहीसे झाले. सातव्या दिवसानंतर आग वाढवली तेव्हा काजळीने काळाकुट्ट झालेला घुमट आतून हळूहळू पांढरा होत गेला. साडेतीनशेच्या आसपास विटांवरची काजळी जळून जाते. भट्टी तयार झाल्याची ती जुनी खूण. मग वरून राखेच्या मिश्रणाचं जाड पांघरूण आणि चुन्याचा गिलावा. हे सगळं ओल गेल्यावरच. ओल्या भट्टीला पांघरूण घातलं की वाफ आत कोंडते. केसासारख्या दोन भेगा आहेत अजून. “त्यो रवतल्यो,” मेस्त्री म्हणाले. “भट्टी श्वास घेता.”

मधल्या काळात मी एकदा त्या गावी जाऊन आलो. बेकरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. पाववाला बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. त्याचा मुलगा भेटला, पन्नाशीचा असेल. तो बेकरीत नाही, टेम्पो चालवतो. मी ओळख सांगितली. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, “बाबा तुमचां नाव काढायचे. सायबान कर्ज दिल्यान म्हणान भट्टी झाली, म्हणायचे.” मी भेगेबद्दल विचारलं. “ती व्हय! दर शनिवारी बाबा तिच्यात माती भरीत. ऊब जाय थंयसून. लाकडां लय लागत.” त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, आठवण म्हणून सांगितलं. छत्तीसच्या छत्तीस हप्ते त्याच्या वडिलांनी वेळेवर भरले होते. आमच्या वहीत ते खातं उत्तम खात्यांत मोडत होतं. जास्तीची लाकडं कोणत्याच वहीत नव्हती.

मी त्याला सांगितलं, की तीन महिने मागितले होते, मी एकच दिला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मगे आतां काय!” आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. माफी मागायला गेलेल्या माणसाची यापेक्षा सभ्यपणे कोणी सुटका केली नसेल. यापेक्षा कमीही सुटका कोणी केली नसेल.

माघात पहिला पाव भाजला. दोन तास आग, मग निखारे बाहेर, ओल्या फडक्याने फरशी पुसायची, तोंड बंद करून अर्धा तास ऊब सारखी होऊ द्यायची. मग मूठभर पीठ फरशीवर टाकायचं. लगेच काळं पडलं तर अजून थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर पाव सरकवायचे. दोनशे तीस अंश, वीस मिनिटं. खालून फरशीची उष्णता, वरून घुमटाची, भोवती कोंडलेल्या गरम हवेची. पावानंतर नानखटाई, तिच्यानंतर निवत्या उबेत रात्रभर रताळी. एका आगीवर तीन पदार्थ.

पहिली खेप मेस्त्रींना दिली. त्यांनी पावाची पाठ बोटाने वाजवून पाहिली, पोकळ आवाज आला, आणि मान डोलावली. दुसऱ्या खेपेतले बारा पाव मी फडक्यात गुंडाळून त्या टेम्पोवाल्याकडे पोहोचवले. नातू मे महिन्यात येणार आहे. फोनवर त्याने विचारलं, “आता लगेच पेटवता येईल ना?” मी म्हटलं, “येईल. पण आधी दोन तास थांबावं लागेल.” पलीकडे जरा शांतता पसरली. मग तो म्हणाला, “थांबू की.”